गुणाढ्य : जळालेल्या बृहत्कथेचा कर्ता



दीर्घ कथात्मक गद्यग्रंथाला आपण मराठीत ‘कादंबरी’ म्हणतो. हिंदी आणि बंगालीत त्याला उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. मराठीने, आणि शेजारच्या कन्नडनेही, सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव उचलले आणि ते संपूर्ण वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. ही माहिती तुम्हाला असेलच. तिच्यामागची दुसरी माहिती मात्र तितकीशी सांगितली जात नाही. बाणाच्या त्या कथेचे मूळ ज्या ग्रंथात सांगितले जाते, तो ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा. कादंबरी हा शब्द उच्चारताना आपण नकळत ज्याच्या दाराशी जाऊन उभे राहतो, तो कथाकार परंपरेने गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, मानला आहे. आणि त्याचा ग्रंथ मूळ स्वरूपात आज कोठेही उपलब्ध नाही.

अद्भुत, भय आणि रहस्य यांच्या मिश्रणातून घडलेल्या कादंबरीचा विचार करताना आपण सहसा युरोपकडे पाहतो. इंग्रजीतील गॉथिक कादंबरीचा आरंभ १७६४ साली होरेस वॉलपोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कृतीपासून मानतात. तिच्यात शापित घराणे आहे, अंधारी भुयारे आहेत, तसबिरीतून खाली उतरणारा पूर्वज आहे. शिवाय पहिल्या आवृत्तीत लेखकाने अशी बतावणी केली होती की, हा ग्रंथ आपला नसून एका जुन्या इटालियन पुस्तकाचे भाषांतर आहे. शाप, भयाण जागा, हरवलेली पोथी आणि कलेच्या ठायी असलेली जादू ही सारी सामग्री आपल्याकडे एका ग्रंथात तर आहेच. पण त्या ग्रंथाच्या कर्त्याच्या चरित्रातही आहे. म्हणून या घटकात आपण गुणाढ्याचे चरित्र पाहणार आहोत.

‘चरित्र’ हा शब्द येथे थोडा जपून घ्यावा लागेल. गुणाढ्याची हकिकत आपल्याला मुख्यतः अकराव्या शतकातील दोन काश्मिरी कवींकडून मिळते : क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी आणि सोमदेवाचा कथासरित्सागर. हे दोघेही गुणाढ्यानंतर कित्येक शतकांनी झाले. नेपाळमाहात्म्य या ग्रंथात तर हाच गुणाढ्य मथुरेत जन्मतो आणि उज्जयिनीच्या राजाकडे राहतो. तेव्हा पुढे जे सांगितले आहे ते प्रामुख्याने सोमदेवाने जपलेले चरित्र आहे, असे समजून वाचावे. त्यातील इतिहास कोणता आणि कल्पित कोणते याकडे आपण नंतर वळू.

शाप आणि जन्म

आरंभ कैलासावर होतो. पार्वती शिवाकडे अशी कथा मागते, की जी यापूर्वी कोणीच ऐकलेली नाही. शिव तिला विद्याधरांची कथा सांगू लागतो आणि दाराशी नंदीला पहारा ठेवतो. पुष्पदंत नावाचा गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरतो, सगळी कथा ऐकतो आणि घरी जाऊन पत्नी जयेला सांगतो. जया ती पार्वतीपुढेच म्हणून दाखवते. आपल्यासाठी रचलेली कथा दासीलाही येते हे कळताच पार्वती संतापते आणि पुष्पदंताला मर्त्यलोकी जन्म घेण्याचा शाप देते. माल्यवान नावाचा दुसरा गण त्याच्यासाठी रदबदली करायला जातो, तर त्यालाही तोच शाप मिळतो.

उःशापाची रचना मोठी विलक्षण आहे. विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाचा एक पिशाच राहतो. तोही मुळात कुबेराच्या शापाने पतन पावलेला यक्ष आहे. पुष्पदंताने त्याला कथा सांगायची, मग पुष्पदंत सुटेल. काणभूतीने ती माल्यवानाला सांगायची, मग काणभूती सुटेल. आणि माल्यवानाने ती पृथ्वीवर पसरवायची, तेव्हा तो सुटेल. चोरून ऐकलेल्या कथेची शिक्षा म्हणून तीच कथा सांगत फिरायचे, आणि जो सांगेल तोच मोकळा होईल! पहिल्या दोघांना एकेक श्रोता पुरतो. तिसऱ्याला लोक हवे आहेत. गुणाढ्याची सगळी शोकांतिका या फरकात दडलेली आहे.

हा माल्यवान प्रतिष्ठान परिसरातील सुप्रतिष्ठित नावाच्या नगरात जन्मास आला. सोमशर्मा या ब्राह्मणाची मुलगी श्रुतार्था हिला नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याच्यापासून झालेला हा मुलगा. विवाह गांधर्व पद्धतीचा होता. बहीण गर्भवती असल्याचे लक्षात आल्यावर वत्स आणि गुल्मक हे तिचे दोन भाऊ प्रथम एकमेकांवरच संशय घेऊ लागले, असा एक अस्वस्थ करणारा तपशील सोमदेव देतो. आई आणि मामा लवकरच वारले. पोरका गुणाढ्य दक्षिणापथात गेला, विद्या संपादून परतला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला. त्याच्या बालपणाबद्दल याहून अधिक काही सांगितलेले नाही.

पाण्यातला विनोद आणि सहा महिन्यांची पैज

वसंत ऋतूत राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने, आता पाणी उडवू नका, असे संस्कृतात म्हटले. नकारार्थी ‘मा’ आणि पाण्याचा वाचक ‘उदकैः’ यांचा संधी होऊन ‘मोदकैः’ असे रूप झाले. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने सेवकांना तातडीने मोदक आणायला सांगितले. राणी हसली, तिने संधी फोडून दाखवला, आणि भोवतालचा परिवारही हसला. विष्णुशक्तीची ती विदुषी कन्या हसली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

राजा अंथरुणाला खिळला. कोणाशी बोलेना. गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे दोघे मंत्री त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की, प्रयत्नपूर्वक शिकल्यास माणसाला संस्कृत किती काळात येईल? नोकरी, संसार आणि शेतीवाडी सांभाळून अभ्यासाला बसलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न परका वाटणार नाही. वय झाल्यावर, चारचौघांत मान खाली गेल्यावर विचारलेला तो एका प्रौढ विद्यार्थ्याचा प्रश्न आहे.

गुणाढ्याने पंडिताला शोभेल असे उत्तर दिले. व्याकरणाला एरवी बारा वर्षे लागतात; मी ते सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याला हे अशक्य वाटले. रागाच्या भरात त्याने प्रतिज्ञा केली की, तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी कायमच्या सोडीन. शर्ववर्म्याने उलट पण लावला : तसे न झाल्यास बारा वर्षे तुझी पादत्राणे डोक्यावर वाहीन.

येथे शर्ववर्म्याला खलपुरुष ठरवण्याची घाई करू नये. त्यालाही घरी गेल्यावर भीती वाटली. तो कार्तिकेयाच्या मंदिरात जाऊन उपाशी बसला आणि देवाकडून त्याला एक संक्षिप्त व्याकरण मिळाले, अशी कथा आहे. देव सूत्र सांगत असताना उतावीळपणे पुढचे सूत्र तो स्वतःच बोलून गेला. त्यावर देव म्हणाला की, तू मध्ये बोलला नसतास तर या शास्त्राने पाणिनीलाही मागे टाकले असते. आता ते लहानच राहील. त्या व्याकरणाचे नाव कातंत्र, म्हणजे छोटे तंत्र. त्याच्या आधारे राजा सहा महिन्यांत संस्कृत शिकला आणि शर्ववर्म्याला नर्मदेच्या मुखाशी असलेल्या भरुकच्छाचे, आजच्या भडोचचे, आधिपत्य मिळाले. शिकवण्याची नवी रीत शोधणाऱ्या शिक्षकाने बारा वर्षांच्या परंपरेवर मिळवलेला हा विजय आहे, असेही या प्रसंगाकडे पाहता येते. गुणाढ्य विद्येत हरला नाही. पैज लावण्यात हरला. पण त्याने गमावलेली वस्तू भलतीच मोठी होती. बोलणाऱ्या माणसाने भाषाच पणाला लावली होती.

अरण्यातील सात वर्षे

तिन्ही भाषा सुटल्यावर उरले मौन. गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांसह गुणाढ्य दरबार सोडून विंध्यवासिनीच्या दर्शनाला निघाला. स्वप्नात देवीने त्याला काणभूतीकडे जायला सांगितले. अरण्यात पिशाचांचे आपसातले बोलणे त्याने दुरून ऐकले आणि ऐकता ऐकता ती भाषा शिकला. प्रतिज्ञेत पैशाची नव्हती. कारण दरबारातल्या कोणी तिची भाषा म्हणून गणनाच केलेली नव्हती. त्या विसरलेल्या चौथ्या भाषेत गुणाढ्याचे मौन सुटले.

काणभूतीने सात कथा सांगितल्या. गुणाढ्याने त्या सात वर्षांत, सात लक्ष श्लोकांत लिहून काढल्या. रानात शाई नव्हती आणि विद्याधरांनी आपली कथा चोरून नेऊ नये अशीही चिंता होती. म्हणून त्याने त्या स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. ऐकायला आलेल्या सिद्ध-विद्याधरांची दाटी आकाशात छतासारखी पसरली होती. लेखन पुरे झाले आणि काणभूती शापातून सुटला. गुणाढ्याचा शाप मात्र अजून शिल्लक होता, कारण कथा माणसांपर्यंत पोचलेली नव्हती.

शिष्यांनी सुचवले की, हा ग्रंथ स्वीकारण्यास योग्य असा एकच रसिक आहे, तो म्हणजे सातवाहन. गुणाढ्य प्रतिष्ठानबाहेरच्या उद्यानात थांबला आणि शिष्य पोथी घेऊन राजवाड्यात गेले. राजाने शिष्यांचे पिशाचासारखे रूप पाहिले. त्याने हरकती घेतल्या त्या अशा : ग्रंथ सात लक्षांचा आहे हे खरे, पण भाषा पैशाची, रसहीन, आणि अक्षरे रक्ताने लिहिलेली. पोथी परत आली. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मोदक आणि उदक यांतला फरक न कळणारा राजा नव्हता आता तो. मध्ये सात वर्षे गेली होती आणि राजा संस्कृतज्ञ झाला होता. नव्याने शिकलेल्या माणसाचा अभिमान फार कडक असतो. गंमत अशी, की त्याने दिलेल्या कारणांत कथेविषयी एकही शब्द नाही. त्याने ती वाचलीच नव्हती.

आता या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग येतो. गुणाढ्य जवळच्या एका टेकडीवर गेला. तेथे त्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान हाती घ्यावे, ते मोठ्याने वाचावे आणि अग्नीत टाकावे, असा त्याने क्रम धरला. शिष्य रडत पाहत राहिले. अरण्यातील हरणे, रानडुकरे, गवे चरणे सोडून भोवती वर्तुळ करून उभे राहिले. ते हलत नव्हते, खात नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. सहा लक्ष श्लोक असे गेले. नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी शिष्यांना फार आवडायची, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती.

इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की, कोरडे, निःसत्त्व मांस खाल्ल्याने हे दुखणे आले आहे. स्वयंपाक्यांना जाब विचारला. त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारध्यांनी सांगितले की, टेकडीवर कोणी ब्राह्मण पाने वाचून जाळतो आहे आणि सारी जनावरे उपाशीपोटी ऐकत उभी आहेत. कलेच्या जादूचे वर्णन करणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. बहुतेकींत श्रोते मुग्ध होतात आणि तेथेच वर्णन संपते. येथे ती मुग्धता जनावरांच्या अंगावरचे मांस सुकवते, पाकशाळेत पोचते आणि अखेर ज्याने ऐकायचे नाकारले त्याच्या पोटात शिरते. कार्यकारणाची ही साखळी रचणारा कथाकार, तो सोमदेव असो वा त्याच्या आधीचा कोणी, फार पक्क्या हाताचा होता.

राजा धावत टेकडीवर आला. जटा वाढलेला, काळवंडलेला गुणाढ्य त्याने ओळखला आणि कथा मागितली. गुणाढ्याने शांतपणे सांगितले की, सहा लक्ष जळाले; एक लक्ष उरले आहे, ते घ्या; माझे शिष्य तुम्हाला अर्थ सांगतील. मग त्याने योगाने देह सोडला. राजाने गुणदेव आणि नंदिदेव यांना जमीन, सुवर्ण, वस्त्रे देऊन सन्मानित केले आणि त्यांच्या मदतीने, ही कथा पृथ्वीवर कशी उतरली ते सांगणारे कथापीठ स्वतः रचले. कोणत्या भाषेत? पैशाचीत.

इतिहास कोठे सापडतो?

सातवाहन हे एका राजाचे नाव नसून वंशाचे नाव आहे, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे काही शतके या वंशाने महाराष्ट्रावर राज्य केले. त्याचा वावर केवळ पैठणपुरता नव्हता. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. त्याचा अभ्यास नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला. पुढे त्यांनी सातवाहनांचा इतिहास आणि कोरीव लेख यांवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ही पुस्तिका भिवापूर किंवा उमरेडच्या बाजूला राहून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. भिवापूरहून वैनगंगेच्या दिशेने गेल्यास पवनी लागते. तेथील टेकड्यांवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. त्यांत पाच फण्यांच्या नागाचे एक शिल्प आहे आणि प्राकृतात कोरलेले छोटे दानलेख आहेत. शेजारच्या कुही तालुक्यातील अडम येथे अश्मक जनपदाचे नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली आहे. गुणाढ्य येथे आला होता असा याचा अर्थ नाही. पण नागकुळातला बाप, प्राकृत बोलणारी माणसे, जवळच सुरू होणारे अरण्य, हे त्या कथेतले जग तुमच्या तालुक्याच्या जमिनीखाली खरोखर होते, एवढे ध्यानात घेऊन तो प्रसंग पुन्हा वाचून पाहा.

येथे एक विसंगती तुमच्या लक्षात आली असेल. सातवाहनांचे नाणेघाटातील आणि नाशिकच्या लेण्यांतील लेख प्राकृतात आहेत. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीचे संकलन याच वंशातील हाल राजाच्या नावावर आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत तर अशी ऐकीव गोष्ट नोंदवली आहे, की सातवाहनाने आपल्या अंतःपुरात केवळ प्राकृतच बोलले जावे असा नियम केला होता. मग संस्कृत न आल्याने लाजेने अंथरूण धरणारा, अंतःपुरातच हसे झालेला राजा कोठून आला? माझ्या मते ही कथा सातवाहनकाळाचे चित्र म्हणून वाचण्यापेक्षा पुढच्या काळाची साक्ष म्हणून वाचावी. संस्कृत हीच दरबाराची भाषा असे ज्या काळाला वाटू लागले, त्या काळाने जुन्या प्राकृत राजाला आपली लाज नेसवली.

गुणाढ्याचा काळ नक्की ठरलेला नाही. सुबंधू, बाण आणि दंडी यांना बृहत्कथा माहीत होती. म्हणजे सहाव्या-सातव्या शतकापर्यंत तिची कीर्ती स्थिर झाली होती. गंग राजा दुर्विनीत याने ती संस्कृतात आणली, असे त्या वंशाचे ताम्रपट सांगतात. नवव्या शतकातील कंबोडियाच्या एका शिलालेखातही गुणाढ्याचे नाव येते. फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत याने १९०८ साली गुणाढ्य आणि बृहत्कथा यांवर लिहिलेला प्रबंध आजही या विषयातील पायाभूत अभ्यास गणला जातो.

पैशाची कोणाची?

या चरित्रातील खरे गूढ ग्रंथाचे नसून भाषेचे आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात पैशाचीचे नियम दिले आहेत. त्यांतला ठळक नियम असा की, मृदू व्यंजनांच्या जागी कठोर व्यंजने येतात. गगन या शब्दाचे गकन होते, मेघाचा मेख होतो, राजाचा राचा होतो. ण च्या जागी न येतो. मराठीच्या बोलींत ण आणि न यांची अदलाबदल तुम्ही रोज ऐकता. विदर्भात ‘पाणी’ ‘पानी’ होते, हे सांगायला नको. अर्थात तेवढ्यावरून वऱ्हाडी-नागपुरीचा संबंध पैशाचीशी जोडणे धाडसाचे होईल.

ग्रिअर्सनने या भाषेचे घर वायव्य सीमेकडे मानले. स्टेन कोनो याने ते विंध्याच्या आसपास मानले आणि आर्यभाषा बोलू लागलेल्या द्रविडभाषक लोकांच्या उच्चारांची छाया तिच्यात पाहिली. वाद मिटलेला नाही. पिशाच या शब्दाविषयी मात्र आपण स्वतंत्रपणे विचार करू शकतो. काणभूती झाडाखाली राहतो, त्याच्या भोवती त्याचे भाऊबंद आहेत, त्यांची स्वतःची बोली आहे आणि त्यांच्याकडे अशी प्रचंड कथा आहे, की जी नगरातल्या कोणालाच ठाऊक नाही. हे भुताचे वर्णन कमी आणि अरण्यात राहणाऱ्या एखाद्या जनसमूहाचे अधिक वाटते. सगळे अभ्यासक हे मान्य करणार नाहीत. तरीही, ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही त्यांना भूत ठरवणे ही माणसाची जुनी सवय आहे, आणि दंडीही या भाषेला भूतभाषाच म्हणतो.

विदर्भातच पुढे असा एक प्रसंग घडला की, ज्यात निवाडा उलटा झाला. महानुभाव पंथातील केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण संस्कृतात लिहिल्याने पंथातल्या साध्यासुध्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. तेराव्या शतकातील तो निर्णय आणि प्रतिष्ठानच्या राजाचा निर्णय शेजारी ठेवून पाहा. योगायोग असा, की म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथीही पुढे धाडीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. बृहत्कथेला असे स्मरणकर्ते मिळाले नाहीत. तिला मिळाले ते रूपांतरकार.

जे उरले

जळता जळता राहिलेली नरवाहनदत्ताची कथा आज आपल्याला मुख्यतः तीन संस्कृत रूपांतरांतून दिसते : क्षेमेंद्र आणि सोमदेव यांची दोन, आणि नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह. जैन परंपरेत संघदासाच्या वसुदेवहिंडीत ती वेगळ्या नायकाभोवती गुंफलेली आहे. तमिळमध्ये पेरुंगदै आहे. वत्सराज उदयनाचा हा मुलगा विद्याधरांचा चक्रवर्ती होतो, एवढाच कथेचा सारांश. पण विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा, आणि येथे विद्या म्हणजे रूप बदलण्याची, उडण्याची, अदृश्य होण्याची कला. नायक त्या कला एकेक करून मिळवत जातो.

कथेच्या मध्यभागी रहस्यही आहे. त्याची प्रिय पत्नी मदनमंचुका एके दिवशी वाड्यातून नाहीशी होते. शोधाशोधीनंतर ती बागेत सापडते, पुन्हा विवाहविधी व्हावा असा हट्ट धरते आणि संसार सुरू होतो. मग एका रात्री ती झोपलेली असताना त्याला तिच्या जागी दुसरीच स्त्री दिसते. झोपेत विद्येचा अंमल सुटतो आणि खरे रूप उघडे पडते. ही वेगवती, मदनमंचुकेला पळवणाऱ्या मानसवेग नावाच्या विद्याधराची बहीण. यानंतर शोध खऱ्या अर्थाने सुरू होतो. उदयनाला पकडण्यासाठी केलेला, पोटात सैनिक लपवलेला कृत्रिम हत्ती आणि आकाशयंत्रे बनवण्याचे गुपित जपणारे यवन कारागीर हेही याच कथाचक्रात भेटतात. आपल्या ओळखीची वेतालाची पंचवीस आख्याने काश्मिरी रूपांतरांत येतात. बुधस्वामीकडे ती नाहीत, त्यामुळे ती मूळ बृहत्कथेत असतील याची खात्री देता येत नाही. मराठीत ती १८३० साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या वेताळपंचविशीने छापील रूपात आणली. पुढे मुक्तामाला (१८६१) आणि मंजुघोषा (१८६८) या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या, तेव्हा शापभ्रष्ट नायिका, हरवलेली माणसे आणि विमाने यांची मराठी वाचकाला मुळीच नवलाई वाटली नाही. या कादंबऱ्यांवर पुढच्या पिढीतील वास्तववादी समीक्षकांनी बरीच टीका केली. ती बऱ्याच अंशी रास्त असली, तरी त्यांचे पूर्वज किती जुने आहेत हे त्या टीकेत क्वचितच सांगितले जाते.

सोमदेवाने आपला ग्रंथ काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यमती हिचे मन रमवण्यासाठी रचला. तिचा मुलगा कलश बापाविरुद्ध उठला होता. १०८१ साली अनंताने आत्मघात केला आणि राणी सती गेली. वाड्यात असे दिवस चालू असताना अठरा लंबकांच्या या कथा तिला ऐकवल्या जात होत्या.

आणि शर्ववर्म्याचे छोटे व्याकरण? कातंत्र शाबूत राहिले. बंगालपासून काश्मीरपर्यंत ते शिकवले गेले, त्याच्या पोथ्यांचे तुकडे मध्य आशियाच्या वाळूत मिळाले, तिबेटीत त्याचे भाषांतर झाले. गुणाढ्याच्या सात लक्ष श्लोकांच्या भाषेतून आपल्या हाती आहेत ते व्याकरणकारांनी नियमाखाली उदाहरणादाखल दिलेले मूठभर शब्द आणि काही तुटक वाक्ये. त्यांत दामोदराचा तामोतर झालेला आहे आणि नगराचे नकर.